आपली चूक

पत्राला उत्तर द्यायला वेलांटीरावांनी आयुष्यात कधी आठवड्याहून जास्त वेळ लावला नव्हता. वाचनालयाचे पत्र असो, वीज कचेरीचे असो, नाहीतर कुण्या अनोळखी वाचकाचे असो, चार ओळींचे स्वच्छ उत्तर जायचेच. अपवाद एकाच पत्राचा. ते एकतीस वर्षे मोठ्या शब्दकोशात पडून होते, 'च'च्या पानांमध्ये, 'चूक' या शब्दाला टेकून.

वेलांटीराव हे अर्थातच त्यांचे खरे नाव नव्हे. ते छापखान्यात मुद्रितशोधक होते. छापण्याआधीचा कागद वाचायचा, चुका हुडकायच्या आणि समासात लाल शाईने खुणा करायच्या, हे त्यांचे काम. जन्मभर कागदावर वाकून वाकून पाठीला असा बाक आला की अक्षरे जुळवणारे जुळारी त्यांना वेलांटी म्हणू लागले. लग्नाच्या दिवशी त्यातल्याच एकाने नव्या नवरीला विचारले होते, "वहिनी, ही पहिली वेलांटी की दुसरी?" टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काम करणारी नवरी ताडकन म्हणाली होती, "पहिली मीच. आणि दुसरी मी येऊ देणार नाही." तेव्हापासून छापखाना वेलांटीरावांना कमी आणि वहिनींना जास्त वचकून असे.

पत्राची हकीकत अशी. शहराच्या कडेला, नदीपलीकडे, एक जुनी वसाहत होती. कारकून, शिक्षक, यंत्रशाळेतले कामगार अशा साध्या माणसांनी एकत्र येऊन बांधलेली विटांची चौसष्ट घरे. त्यांवरून रुंद रस्ता न्यायचे घाटत होते, म्हणून रहिवाशांच्या समितीने वसाहतीची माहिती देणारी एक पुस्तिका छापायला दिली. नगरपालिकेत अर्जासोबत जोडायची होती. शेवटचे मुद्रित वेलांटीरावांच्या टेबलावर आले तेव्हा यंत्र तापून तयार होते आणि समितीच्या लोकांना विचारायला तासभरसुद्धा हातात नव्हता.

पान तीनवर लिहिले होते, 'वसाहतीस आज बाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत.' पान अकरावर लिहिले होते, 'पहिल्या घराची किल्ली हाती पडली, त्याच्या पुढच्याच वर्षी वसाहतीतले पहिले मूल जन्मले. त्यांचे वय आज शहात्तर.' वसाहतीपेक्षा वसाहतीतले मूल चार वर्षांनी मोठे कसे? वेलांटीरावांनी बोटांवर मोजले, पुन्हा मोजले. मग 'बाहत्तर' खोडून समासात 'सत्त्याहत्तर' लिहिले, खाली बारीक अक्षरात 'पान ११ पाहा' असे घातले आणि कागद यंत्राकडे पाठवला.

पाठवला मात्र, आणि आपण काय केले ते त्यांच्या ध्यानात आले. धंद्याचा नियम होता, आणि तो त्यांनी स्वतःच हाताखालच्या दहा उमेदवारांना शिकवला होता. मुद्रितशोधकाने विचारायचे असते, सांगायचे नसते. शंका आली तर समासात प्रश्नचिन्ह, बास. लेखकाचा आकडा बदलायचा अधिकार त्याला नाही. शहात्तर हाच आकडा चुकीचा असला तर? एकाहत्तरचे शहात्तर झाले असले तर?

दोन महिन्यांनी पत्र आले. समितीच्या चिटणीस चित्रकलेच्या शिक्षिका होत्या. वसाहतीत सगळे त्यांना नुसते बाई म्हणत. अक्षर सुरेख, वळणदार.

'स. न. वि. वि. आमच्या पुस्तिकेतील वर्षांच्या आकड्याबाबत समितीला आपली चूक कळून आली आहे. हा विषय पत्रात मावणारा नाही. तरी सवडीने एकदा समक्ष यावे. उत्तराची वाट पाहते.'

वेलांटीरावांनी ते एकदाच वाचले. समितीला आपली चूक कळून आली आहे. झाले. चोरी पकडली गेली होती. समक्ष बोलावले होते ते झाडायलाच. त्यांनी पत्र शब्दकोशात घातले, घरी अवाक्षर काढले नाही, आणि महिन्याभरात डोळ्यांचे निमित्त सांगून छापखाना सोडला. दुसरा धरला, लहान आणि अंधारा. नावाजलेल्या छापखान्यातला ज्येष्ठ मुद्रितशोधक पुढची सतरा वर्षे लग्नपत्रिका आणि औषधांची वेष्टने तपासत बसला. नदीपलीकडे त्यांनी पुन्हा पाऊल ठेवले नाही. वसाहत राहिली की पाडली, हेही त्यांनी कुणाला विचारले नाही. विचारायचे असते हा नियम त्यांनी तेवढ्यापुरता मोडला.

आणि आता, एकतीस वर्षांनी, मुलगी स्वयंपाकघरात उभी राहून सांगत होती, "बाबा, आई, घर सापडलंय. नदीपलीकडच्या जुन्या वसाहतीत. बारा नंबर."

मुलगी सुतार होती. लाकडी दारे-खिडक्या करायची स्वतःची कार्यशाळा, हाताखाली तीन कारागीर. केसांत कायम भुसा. जावई वर्षातले आठ महिने जहाजावर, त्यामुळे घर शोधायचे काम तिच्याच गळ्यात. तिच्या मनात होते की आता आईबाबांनी भाड्याची तिसऱ्या मजल्यावरची जागा सोडावी आणि सगळ्यांनी एकत्र राहावे. दोन घरे डोळ्यांसमोर होती. एक नव्या इमारतीत नवव्या मजल्यावर, लिफ्टचे. दुसरे हे.

"जुनं म्हणजे किती जुनं?" आईने विचारले.

"एकशे आठ वर्षं."

"अगं बाई! म्हणजे यांच्यापेक्षा जुनं काहीतरी निघालं एकदाचं."

वेलांटीरावांनी हातातली बशी खाली ठेवली. एकशे आठ उणे एकतीस. सत्त्याहत्तर. त्यांनी पटकन मान खाली घातली. ही वजाबाकी कुणाला ऐकू जाईल अशी त्यांना उगीचच भीती वाटली.

"ओल असेल," ते म्हणाले. "पुस्तकांना ओल चालत नाही."

"बघून तर येऊ."

"माझे गुडघे..."

"दारात तीनच पायऱ्या आहेत बाबा. इथं बावन्न आहेत. मी मोजल्यात."

"लिफ्टचं घर काय वाईट आहे?"

मुलीने आईकडे पाहिले. लिफ्टमध्ये अनोळखी माणसांशी बोलावे लागते म्हणून जो माणूस दवाखान्याचे चार मजले चढून जातो, त्याच्या तोंडी हे वाक्य! आई म्हणाली, "यांना काहीतरी होतंय. पण सांगायचे नाहीत. चाळीस वर्षं मी सगळ्या गावाची बोलणी जुळवून दिली, आणि घरातली ही एक लाईन कायम व्यस्त."

मुलीने सगळे समजावून सांगितले. घर बाईंचे आहे. बाई आता ब्याण्णव वर्षांच्या आहेत, परगावी भाचीकडे राहतात. कानांनी ऐकू येत नाही, पण डोळे आणि डोके ठणठणीत. त्यांची अट एकच, घर हवे असेल त्याने त्यांना स्वतःच्या हाताने पत्र लिहायचे, या घराचे तुम्ही काय करणार ते कळवायचे. दलाल नको, फोन नको. दोन पत्रे आधीच गेली आहेत. पुढच्या सोमवारपर्यंत येतील तेवढी वाचून त्या ठरवणार.

बाई अजून आहेत, हे ऐकून वेलांटीरावांना बसावेसे वाटले. ते बसलेलेच होते.

रविवारी सकाळी तिघे बसने गेले. पूल ओलांडताना वेलांटीराव खिडकीबाहेर न बघता तिकिटावरचा मजकूर वाचत होते. त्यात दोन चुका होत्या.

वसाहत मात्र दिसली आणि वाचणे थांबले. सरळ, अरुंद रस्ते. दोन्ही बाजूंना कमरेएवढ्या विटांच्या भिंती, त्यांमागे लहान बागा, त्यांमागे उतरत्या छपरांची घरे. सगळी एकाच साच्यातली, पण एकही दुसऱ्यासारखे नाही. कुठे दारावर वेल, कुठे पायरीवर मांजर, कुठे खिडकीत उलटी वाळत घातलेली चहाची किटली. प्रत्येक खिडकीला दोन लाकडी झडपा, आणि त्या सगळ्या एकाच गडद हिरव्या रंगाच्या. सुंदर बांधलेल्या जुन्या पुस्तकाचे पान उघडावे, समास सगळीकडे सारखा असावा आणि कुठेही शाई फुटलेली नसावी, तसे वेलांटीरावांना वाटले. असे वाटल्याबद्दल लगेच अपराधीही वाटले.

किल्ली घेऊन वसाहतीचे आजचे चिटणीस उभे होते. धंद्याने नळ बसवणारे, पाच नंबरात राहणारे, पन्नाशीचे गृहस्थ. बोलणे त्यांच्या नळांपेक्षा जोरात वाहत होते.

"या काका, या काकू. ताई, तुम्हीच खिडक्यावाल्या ना? आधीच सांगतो, इथं नियम आहेत. बाहेरचा रंग बदलायचा नाही, भिंत कमरेच्या वर न्यायची नाही, खिडकी लाकडाचीच. ज्याला चकचकीत हवंय त्याने पुलाच्या अलीकडेच थांबावं."

"कपडे कुठं वाळत घालायचे?" काकूंनी थेट मुद्द्याला हात घातला.

"मागच्या अंगणात. पुढं घातले तर मी स्वतः येऊन घडी करून देतो. एकदा दिलीय."

बारा नंबरात शिरताना वेलांटीरावांनी पायऱ्या मोजल्या. तीनच होत्या. खाली दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, वर दोन खोल्या. वरची उत्तरेची खोली बाईंची चित्रांची. भिंतीवर रिकाम्या खिळ्यांच्या रांगा, आणि खिडकीच्या खालच्या फळीवर पाण्याच्या भांड्यांची गोल गोल वर्तुळे उमटलेली, निळी, मातकट, फिकट तांबडी. पन्नास वर्षे कुणीतरी तिथे कुंचले धूत आले होते.

मुलीने घर पाहिलेच नाही. तिने खिडक्या पाहिल्या. खिशातून बारीक पटाशी काढली, चिटणिसांकडे "चालेल ना?" अशा नजरेने बघितले आणि एकेका चौकटीचा खालचा कोपरा टोचत निघाली. टोचायचे, कान लावायचा, झडप उघडायची, मिटायची. तिची बोटे लाकडावरून फिरत होती, आणि वेलांटीरावांना वाटले, आपण मुद्रितावरून बोट फिरवायचो ते असेच. ही सवय तिला आपल्याकडून तर आली नसेल? मग त्यांनी स्वतःला दटावले, तिचे श्रेय लाटू नकोस.

"नऊ खिडक्या," ती शेवटी म्हणाली. "सहा ठणठणीत आहेत. खिळा नाही कुठं, लाकडात लाकूड अडकवलंय. दोघींचा फक्त खालचा तुकडा गेलाय, तेवढाच काढून नवा जोडता येईल. पण ही मागची... ही कुणी केलीय? खिळ्यांवर खिळे ठोकलेत. त्या माणसाला हात होते का नुसतेच पाय?"

"मी केलीय," चिटणीस म्हणाले.

काकू तोंडाला पदर लावण्याच्या भानगडीत न पडता खदखदून हसल्या. चिटणीसही हसले. "आणि स्वयंपाकघरात भिंतीला ओल आहे, तीही आमचीच. माझ्या वडिलांनी नळ घातला होता. आमच्या घराण्याने या घरावर फार उपकार केलेत. पण ताई, दुसऱ्या दोघांनी खिडक्या बघून काय म्हटलं ठाऊक आहे? सगळ्या काढून टाकू, तशाच दिसणाऱ्या नव्या बसवू. तुम्ही पहिल्या, ज्यांनी कान लावला."

मग ते म्हणाले, "चला, आमचं वाचनालय दाखवतो. ते बघितल्याशिवाय वसाहत बघितली असं होत नाही."

वाचनालय म्हणजे फाटकाजवळची पूर्वीची पहारेकऱ्याची खोली. दोन कपाटे, एक टेबल, आणि दारासमोरच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत लावलेला एक पिवळा पडलेला कागद. वेलांटीराव दारातच थांबले. जवळ जायची गरज नव्हती. 'बाहत्तर'वरून गेलेली लाल रेघ त्यांना दारातूनच ओळखू आली. समासात 'सत्त्याहत्तर'. खाली बारीक अक्षरात 'पान ११ पाहा'. त्यांच्या 'ह'ची शेपटी नेहमी जरा लांब जायची. इथेही गेली होती.

"हे आमचं दैवत," चिटणीस छाती काढून सांगू लागले. "झालं असं, रस्ता आमच्यावरून जाणार होता. आणि नियम असा, पंचाहत्तर वर्षांच्या आतलं बांधकाम असेल तर पाडता येतं, त्याहून जुनं असेल तर हात लावायचा नाही. आम्हा कुणाला हा नियमच माहीत नव्हता. आम्ही आपले फाटकावरच्या दगडावरून बाहत्तर लिहून मोकळे झालो. आणि फाटक घरांनंतर पाच वर्षांनी बांधलेलं! ते पहिलं मूल म्हणजे माझे आजोबा. ते रोज त्या दगडाला टेकून बसायचे, पण त्यांच्याही लक्षात आलं नाही की दगड आपल्यापेक्षा लहान आहे. छापखान्यातल्या एका माणसाच्या लक्षात आलं. पुस्तिकेत सत्त्याहत्तर छापून आलं, नगरपालिकेने जुनी दप्तरं काढली, आणि आकडा खरा निघाला. रस्ता गेला पलीकडून."

"मग त्या माणसाचं काय?" मुलीने विचारले. तिचे डोळे चौकटीवरून हलत नव्हते.

"तीच तर गंमत. बाईंनी पत्र लिहिलं. उत्तर नाही. छापखान्यात गेलो, तर नोकरी सोडून गेलेला. बाई म्हणाल्या, मोठा मानी माणूस असणार. आभार घ्यायलासुद्धा आला नाही. अशा माणसाला दुसऱ्यांदा विचारू नये. तेव्हापासून आमच्याकडे कुणी काम करून नाव न सांगता गेला, की आम्ही म्हणतो, लाल शाईवाला आहे."

मानी! वेलांटीरावांना आयुष्यात लोकांनी भित्रा म्हटले होते, घुम्या म्हटले होते, पुस्तकातला किडा म्हटले होते. मानी कुणीच म्हटले नव्हते. त्यांनी काही बोलायला तोंड उघडले, पण नजर चौकटीखालच्या ओळीवर गेली. सुबक अक्षरांत रंगवले होते, 'या एका खूणेमुळे आपली घरे उभी आहेत.' ती वाचता वाचताच त्यांच्या मनात आले, 'खुणेमुळे' ऱ्हस्व हवे.

मुलीने चौकटीकडून नजर काढून बापाकडे पाहिले. लहानपणी तिच्या प्रत्येक निबंधाच्या समासात ते लांब शेपटीचे 'ह' होते. पण बापाचा चेहरा पाहून तिने कोपराला हात लावून त्यांना बाहेरच्या बाकावर आणून बसवले. चिटणिसांना कुठेतरी नळ गळत असल्याचा फोन आला आणि ते किल्ल्या वाजवत गेले.

"बाबा, ते अक्षर तुमचं आहे."

"कुठलं अक्षर?" आई म्हणाली. ती इतका वेळ कपाटातली पुस्तके बघत होती.

मग वेलांटीरावांनी सांगितले. एकतीस वर्षांचे सगळे, बाकाच्या फळीवर नख ओढत, एका दमात. बायको ऐकत राहिली. मध्ये एकदाही बोलली नाही. ही गोष्टच इतकी विलक्षण होती की मुलगी घाबरली.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "आणा ते पत्र."

तिने चष्मा लावला आणि एक्स्चेंजमधल्या आवाजात, एकेक शब्द सुटा करून वाचले. मग मान वर केली. "यात ओरडलंय कुठं?"

"ते काय, 'समितीला आपली चूक कळून आली आहे.'"

"आपली म्हणजे कुणाची?"

"माझी. पत्र मला लिहिलंय. आदरार्थी, आपली."

"कळून कुणाला आली?"

"समितीला."

"मग समितीला आपली चूक कळून आली, म्हणजे समितीची समितीला. आता तुम्हालाही आपली चूक कळून आलीय ना, ती तुमची का माझी?"

वेलांटीरावांनी पत्र हातात घेतले. एकतीस वर्षांत त्यांनी ते दुसऱ्यांदा वाचले नव्हते. आपली. तुमची, आमची, ज्याची त्याची. तिन्ही अर्थ एका शब्दात मांडीला मांडी लावून बसलेले. कुणा लेखकाच्या लिखाणात हे वाक्य आले असते तर त्यांनी क्षणात समासात लिहिले असते, 'कुणाची?' अशी शेकडो वाक्ये त्यांनी पकडली होती. स्वतःच्या नावावर आलेल्या पत्रात मात्र प्रश्नचिन्ह घालायचे सुचले नाही, कारण उत्तर त्यांनी आधीच धरून ठेवले होते. चूक असेल तर ती माझीच.

"सतरा वर्षं," ते पुटपुटले. "लग्नपत्रिका."

"त्यात एकही चूक नव्हती पण," बायको म्हणाली. एरवी चहा वेलांटीरावच करत. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिने स्वतः उठून चहा केला, आणि साखर किती हे विचारले नाही.

मुलीने मग मूळ विषय काढला. "पत्र पुढच्या सोमवारच्या आत पोचायला हवं. घर घ्यायचं की नाही? आणि एक सांगते बाबा, त्या चौकटीपायी हो म्हणू नका. ओल खरी आहे, छताचं काम खरं आहे, वरच्या खोलीत जायला जिना आहे. राहायचं आपल्याला आहे, मिरवायचं नाही."

वेलांटीरावांनी विचार केला. प्रामाणिकपणे केला. ओल कुठून आली ते माहीत होते, म्हणजे घालवता येणार होती. खालच्या खोलीत कपाटे आतल्या भिंतीला लागली असती. दारात तीन पायऱ्या. आणि त्या खिडक्या, ज्यांना आपल्या मुलीने कान लावला होता.

"घेऊया," ते म्हणाले. पुढे 'पण' आला नाही. दोघी थोडा वेळ वाट बघत राहिल्या, तरी आला नाही.

"मग मी बाईंना कळवते की लाल शाईवाला..."

"नाही!" वेलांटीरावांचा आवाज चढला, ही आणखी एक नवलाची गोष्ट. "मी कोण ते पत्रात घालायचं नाही. मग त्या घर मला देतील, तुला नाही. खिडक्या कुणी तपासल्या?"

"मी."

"मग तुझं पत्र जाऊ दे. तुझ्या आडनावाने. माझं उत्तर एकतीस वर्षं थांबलंय, आणखी थोडं थांबेल."

मुलीने बापाकडे बघितले. तिला हसू येत होते, आणि डोळ्यांत भलतेच काही. "बाई काही चुकीचं बोलल्या नाहीत," ती म्हणाली. "मानीच आहात."

तिने पत्र लिहिले. नऊ खिडक्यांबद्दल, एकेकीबद्दल दोन दोन ओळी. कुठला तुकडा काढणार, कुठली झडप तशीच ठेवणार. मागच्या खिडकीतले खिळे काढीन, पण बसवणाऱ्याला दुखावणार नाही, हेही. फळीवरची रंगांची वर्तुळे रंधा मारून काढणार नाही, हे शेवटी. वेलांटीरावांना तिने ते वाचायला दिले, तेव्हा त्यांनी लाल शाईचे पेन हातात घेतले, शेवटपर्यंत वाचले, आणि पेन टोपण लावून खिशात ठेवले. त्यात दोन वेलांट्या चुकल्या होत्या. त्या तशाच जाऊ दिल्या. तिचे अक्षर, तिचे लाकूड, तिचे घर.

जहाजावरून जावयाचा निरोप आला, "तुला खिडक्या आवडल्या ना? मग मला घर आवडलं."

पुढचे नऊ दिवस वेलांटीरावांना जड गेले. रोज सकाळी ते बावन्न पायऱ्या उतरून पत्रपेटी बघत आणि बावन्न चढून येत. सातव्या दिवशी त्यांना खात्री पटली की त्या दोन वेलांट्यांनीच घात केला. आठव्या दिवशी वाटले, पोरीची हक्काची गोष्ट आपल्या हट्टापायी गेली, नाव सांगितले असते तर काय बिघडले असते? बायको म्हणाली, "पुन्हा आपलीच चूक का? आधी पत्र येऊ द्या, मग वाटून घेऊ."

नवव्या दिवशी मुलगी कार्यशाळेतून तशीच आली, अंगभर भुसा, हातात उघडे पत्र. अक्षर थोडे थरथरते, पण तेच वळण.

'दुसऱ्या दोघांनी खिडक्या बदलू असे लिहिले. बऱ्या करू असे लिहिणाऱ्या आपण एकट्याच. वर्तुळांबद्दल लिहिलेत तिथे मी ठरवले. कागदपत्रांचे भाची पाहील. आता घर आपले.'

बायकोने शेवटची ओळ दोनदा वाचली आणि चष्म्यावरून नवऱ्याकडे पाहिले. "आता हे 'आपले' कुणाचं? बाईंचं, हिचं, का तुमचं-आमचं?"

वेलांटीरावांनी कागद हातात घेतला. "सगळे अर्थ बरोबर आहेत," ते म्हणाले. "इथं खूण नको."

मग ते टेबलाशी बसले. चार मसुदे फाडले. पहिल्यात क्षमा सहा वेळा आली होती, दुसऱ्यात तीन वेळा. पाचवा राहिला.

'स. न. वि. वि. आपले पत्र मिळाले. उत्तराला एकतीस वर्षे लागली, कारण मी ते एकदाच वाचले आणि चुकीचे वाचले. ते लाल अक्षर माझे. त्या वेळी विचारायला हवे होते, ते न विचारता मी सांगून टाकले, याची मला फार भीती वाटत आली. परवा वाचनालयात ते भिंतीवर पाहिले. आता भीती वाटत नाही. आपण ज्यांना घर दिलेत त्या सुतारबाई माझी कन्या. हे आधी कळवले नाही, कारण घर तिच्या कामावर मिळायला हवे होते. ते तसे मिळाले. ते अक्षर आणि तिचे काम, दोन्हींचा अभिमान वाटतो. समक्ष येईन म्हणतो, एकतीस वर्षांपूर्वी बोलावले होतेत म्हणून.'

सही केली. आणि बराच वेळ पेन हवेत धरून बसले. मग लाल शाईचे पेन काढून खाली लिहिले, 'ता. क. चौकटीखालच्या ओळीत "खुणेमुळे" ऱ्हस्व हवे.' सवयीने त्यापुढे प्रश्नचिन्ह काढायला हात गेला. त्यांनी तो मागे घेतला आणि पूर्णविराम दिला.

टपालपेटी रस्त्याच्या कोपऱ्यावर होती. बायको म्हणाली, "मी टाकून येते, तुमचे गुडघे." पण ते स्वतः उतरले. पेटीच्या तोंडाशी पाकीट धरून त्यांनी पत्ता एकदा वाचला. दुसऱ्यांदाही वाचला, कारण एकदाच वाचण्याचे परिणाम त्यांना ठाऊक होते. पत्ता बरोबर होता. त्यांनी पाकीट सोडले. आत ते इतर पत्रांवर पडल्याचा हलका आवाज झाला, आणि वेलांटीराव, शक्य तितके ताठ होऊन, घराकडे चालू लागले.